वर्षाचं धान्य

बोरमाथा, ता. आंबेगाव
१६ मे २०२४

प्रिय रत्नाआत्या,

जयभीम.

पाकीट पाहून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोन मी बंद करून पेटीत टाकलाय, म्हणून पत्र. तूही पत्रच लिही.

नोकरी सोडल्याचं तुला आप्पांकडून कळलंच असेल. त्यांनी कुठल्या शब्दांत सांगितलं असेल याची कल्पना आहे मला. पण आत्या, तू दवाखान्यात आयुष्य काढलंस, तुला तरी कळेल. हिंजवडीत माझ्या हाताखाली साठ माणसं होती आणि कॉफीचा कप धरताना माझा स्वतःचा हात थरथरायचा. अमेरिकेतला क्लायंट जागा झाला की मी जागा, तो झोपला की आमचे साहेब जागे. फेब्रुवारीत एका मीटिंगमध्ये बोलता बोलता शब्दच सापडेना. सगळे माझ्याकडे बघतायत आणि मला आठवत नाही की मी कशाबद्दल बोलतोय. त्याच आठवड्यात राजीनामा दिला. फ्लॅट विकलेला नाही, कुलूप लावून ठेवलाय. एवढं शहाणपण शाबूत आहे.

आता मुख्य गोष्ट. इथे पैशाला हात लावायचा नाही असं मी ठरवलंय. गावात कुणाला काय हवं ते काम मी करीन, मोटर दुरुस्त करणं, लाकडं फोडणं, निरोप पोचवणं, काहीही. त्याबदल्यात लोकांनी धान्य द्यावं. बाळासाहेबांना, म्हणजे गावातलं ते मोठं घर, ही कल्पना सांगितली तर ते आधी माझ्याकडे बघतच राहिले. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "आरं, हे तर लई झ्याक झालं! आसं मानूस गावाला कवापासनं पायजे व्हतं." त्यांनीच आणखी तीन घरांशी बोलून ठरवून टाकलं. अक्षय्यतृतीयेपासून पुढच्या अक्षय्यतृतीयेपर्यंत काम, आणि वर्षाचं धान्य आगाऊ. ज्वारी, गहू, बाजरी मिळून सात पोती. त्यांच्या खळ्यावरून माझी मीच पाठीवर आणली, तसाच रिवाज आहे म्हणे. एवढं मला काय करायचंय? ऑफिसातल्या जुन्या मित्रांना पिशव्या भरभरून वाटलं. पगाराची स्लिप बघून मला कधी इतका आनंद झाला नव्हता, आत्या.

पोती दारात उतरली तेव्हा आप्पा उठून हौशीरामच्या हॉटेलात गेले. तुला जमलं तर त्यांना समजाव.

तुझा,
संघर्ष


येरवडा, पुणे
२७ मे २०२४

संघर्ष,

जयभीम. सप्रेम लिहीत नाही, कारण आत्ता प्रेम येत नाहीये.

पाकीट विकत घ्यायला पोस्टात गेले तर तिथल्या मुलीनं विचारलं, आजी, कोर्टाचं काम आहे का? म्हटलं, नाही गं, भाचा साधा झालाय.

नोकरी सोडलीस त्याचं मला काहीच वाटत नाही. मी मेट्रन होते. तुझ्या वयाची पोरं छातीत कळ आली म्हणून स्ट्रेचरवरून येताना मी पाहिली आहेत आणि त्यातली काही पुन्हा घरी गेली नाहीत. जीव वाचवलास, बरं केलंस. आता झोप, भात खा, शेळ्या पाळ. तुझ्या बापाच्या अर्ध्या एकरात कांदा लाव, नाहीतर बांधावर बसून कविता कर. मला सगळं चालेल.

पण ते धान्य परत कर.

सगळं. मित्रांना वाटलंस तेही विकत आणून भर आणि ज्याचं त्याच्या दारात नेऊन टाक. काम करायचंय तर पैसे घे. मोटरचे तीनशे माग, घासाघीस कर, भांड. पैसे हातात आले की काम संपलं आणि माणूस आपल्या घरी मोकळा. का म्हणून विचारू नकोस. तू पाळण्यात होतास तेव्हा दादानं माझ्याकडून वचन घेतलंय, की काही गोष्टी या पोराच्या कानावर घालायच्या नाहीत. त्याला वाटलं, पोराला ओझं कशाला. मला तेव्हाच वाटलं होतं की हा मूर्खपणा आहे, पण थोरल्या भावापुढे बोलणार कोण.

दादा हौशीरामच्या हॉटेलात गेला म्हणतोस. तो तिथे नेमका कुठे बसतो ते एकदा बघून ये आणि मला कळव.

आत्या


बोरमाथा
२१ जुलै २०२४

प्रिय आत्या,

जयभीम.

तुझं पत्र वाचून खूप हसलो. शहरात राहून तुला पावतीशिवाय करमत नाही बघ. शेजाऱ्याला वाटीभर साखर दिली तरी तू जीएसटी लावशील.

तू विचारलंस म्हणून सांगतो. आप्पा हॉटेलाच्या बाहेरच्या बाकावर बसतात, अगदी मधोमध. बसायचे म्हणायला हवं, कारण हल्ली जात नाहीत. घरातच असतात. त्याहून विचित्र म्हणजे मी आणलेल्या धान्याची भाकरी खात नाहीत, रेशनचा तांदूळ वेगळा शिजवतात. मला वाटतं त्यांना माझा थोडा हेवा वाटतो. इतकी वर्षं गावात राहून त्यांना कुणी कामाला हाक मारली नाही, आणि मला दिवसातून पाच वेळा येते. बाळासाहेब परवा आप्पांबद्दल म्हणालेच, "भागुजीनं गावाला कदी आपलं मानलं न्हाई. तू मानलंस."

मोटरचं काम दोनदाच निघालं. बाकी मात्र भरपूर. देवळापुढचं पटांगण रोज सकाळी मीच झाडतो. लग्नाची आवतणं पोचवली, पार अवसरी बुद्रुकपर्यंत चालत. बाळासाहेबांची म्हातारी चुलती गेली तेव्हा सोयऱ्यांना सांगायला ओझरला मला पाठवलं. मोबाईल सगळ्यांकडे आहेत, तरी म्हणाले की माणसानं जाऊन सांगितलेलं बरं दिसतं. मला ते फार आवडलं. हिंजवडीत शेजारच्या टेबलावरचा माणूस मेला तर ईमेल यायची.

आणि बाळासाहेबांकडे माझा स्वतःचा कप आहे, आत्या! गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलेला असतो, दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. मी मागच्या दारी गेलो की काकू चहा वरून ओततात, किटली कपाला टेकूसुद्धा देत नाहीत, इतक्या स्वच्छतेच्या.

हात थरथरायचा थांबलाय. झोप लागते. धान्य परत करायचं म्हणजे दिलेला शब्द मोडायचा, ते माझ्याकडून होणार नाही.

तुझा,
संघर्ष


येरवडा
९ ऑगस्ट २०२४

संघर्ष,

कपाचं वाचलं आणि पत्र खाली ठेवून दोन दिवस हात लावला नाही. आता वचन मोडते. दादाची माफी मी मागेन, तुझी मागणार नाही.

तुझा आजोबा सावळेराम बोरमाथ्याचा येसकर होता. येसकर म्हणजे गावाचा हक्काचा गडी, गावकुसाबाहेरच्या आपल्या घरांना पाळीपाळीनं यायचं ते काम. पटांगण झाडायचं, कुणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी पायी सांगावा घेऊन जायचं, मेलेलं जनावर ओढायचं. पैसे नाहीत. सुगीला खळ्यावरून धान्य, आणि तेही आपल्याच पाठीवर आणायचं. गावाला चांगलं कळत होतं रे. पैसा दिला तर माणूस उद्या येईलच असं नाही. वर्षाचं धान्य दिलं की वर्षाचा माणूस आला.

शिवाय रोज संध्याकाळी घरोघरची भाकरी. ती पाटी तुझ्या बापाच्या डोक्यावर असायची. आठ वर्षांचा होता. याच बाळासाहेबाच्या आजीच्या मागच्या दारी उभा राहून तो "भाकर वाढा, माय" म्हणून ओरडायचा, आणि ती वरून टाकायची. मी तेव्हा कडेवर होते. मला हे आईनं सांगितलं, दादानं कधीच नाही. सावळेरामाचं पाणी प्यायचं मडकं कुठे असायचं विचार. त्याच गोठ्याच्या कोनाड्यात.

सत्तावन्न साली सावळेरामानं दीक्षा घेतली आणि बाळासाहेबाच्या घरच्या पायरीशी जाऊन सांगितलं, "उद्यापास्नं आमी येनार न्हाई." पुढे गावानं आपल्या घराला गिरणी बंद केली, दुकान बंद केलं, मजुरी बंद केली. माझी आई जानकाबाई दळण डोक्यावर घेऊन महाळुंगे पडवळला चालत जायची. दोन वर्षं. सावळेराम हटला नाही.

तुझ्या बापानं जन्मभर एसटीत तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावर तो पुण्यात माझ्याशेजारी राहू शकला असता. तो बोरमाथ्याला परत गेला तो हौशीरामच्या बाकासाठी. कडेला नाही, मधोमध बसायचं. सगळ्यांच्यात, सगळ्यांच्या कपातून चहा प्यायचा आणि पैसे टाकून उठायचं. एवढंच कमावलंय त्या माणसानं, बाकी सगळं तुझ्या शिक्षणात गेलं. ते तू सात पोत्यांत घालवलंस. वर म्हणतोस, त्याला तुझा हेवा वाटतो. शरम वाटते त्याला, गाढवा.

मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नकोस. गुपचूप धान्य परत कर आणि मोकळा हो.

आत्या


बोरमाथा
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

जयभीम.

तुझं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं. रागावू नकोस. घरात लपवाछपवी राहिली की ती सडते, हे मला समुपदेशकानं शिकवलंय. मनातलं बोलून टाकावं. आप्पांनी सगळं ऐकलं. मधेच विचारलं, "पाटीचं बी लिवलंय का तिनं?" मी हो म्हटलं. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. थोडा वेळ लागेल त्यांना, मी समजू शकतो.

हा इतिहास मला पुस्तकांतून माहीत होता. आपल्याच घरात घडला हे माहीत नव्हतं, वाचून वाईट वाटलं. पण तू एक गोष्ट विसरतेस. आजोबांवर सक्ती होती. मी निवडलंय. मी उद्या उठून जाऊ शकतो, म्हणून तर माझं झाडणं वेगळं आहे. बाळासाहेबांनी आजवर एकदाही जातीचा शब्द काढलेला नाही. तो तूच काढलास. कामाला कमी लेखायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत ना मला?

वर्ष मी पूर्ण करणार. तुमचं दुःख माझ्या डोक्यावर ठेवू नका, एवढंच म्हणतो. बरीच वर्षं मी दुसऱ्यांची ओझी वाहिली आहेत.

तुझा,
संघर्ष


हिंजवडी, पुणे
२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हो, फोन सुरू केलाय.

दिवाळीनंतर बाळासाहेबांची जर्सी गाय मेली. मला बोलावणं आलं. अंगणात ट्रॅक्टर उभा होता, आत्या. मी म्हटलं, ट्रॅक्टरनं ओढू. ते म्हणाले, "टॅक्टर कशाला? तू हायस की." मी वाकून तिच्या पायांना दोरी बांधायला लागलो. गाठ बसेना. वर बघितलं तर सगळे लांब उभे होते, नाकाला पदर, रुमाल. दोघं-तिघं फोनवर शूटिंग करत होते. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मजा होती. कुणीतरी बोलावलं असावं, कारण आप्पाही तिथे आलेले दिसले. बाळासाहेब त्यांना म्हणाले, "भागुजी, पोराला जरा गाठ शिकीव. तुला ठावं आसंल."

तेव्हा मला तुझं पत्र कळलं. वाचून कळलं नव्हतं.

दोरी टाकून मी घरी आलो आणि सांगून टाकलं की आजपासून बंद. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचा पट्टा तुटला. तो मला बघितलं की तुटायचा, बाकीच्यांचं दळण चालू. दूध संपलेलं असायचं. हौशीरामनं बाक उचलून आत नेला, म्हणाला रंग द्यायचाय. वाटेत कुणी बोलेना. मी तीन आठवडे काढले. झोप पुन्हा उडाली. जुन्या साहेबांचा फोन आला, त्यांनी जागा ठेवली होती. मी हो म्हटलं.

आप्पांना हाता-पाया पडून म्हटलं, चला माझ्याबरोबर. "तू जा," एवढंच बोलले. अडीच-तीन महिन्यांनी काढलेले पहिले शब्द.

मी चुकलो, आत्या. पूर्णपणे चुकलो. लाज वाटते. आता तो विषय संपलाय, पण ते एकटे तिथे राहायला नकोत. तू जाऊन त्यांना तुझ्याकडे घेऊन ये. मीच गेलो असतो, पण जानेवारीअखेर सॉफ्टवेअरची मोठी रिलीज आहे आणि शनिवार-रविवारही मोकळे नाहीत. तू सांगितलंस तर ऐकतील.

तुझा,
संघर्ष


बोरमाथा
१८ जानेवारी २०२५

संघर्ष,

विषय संपला असं तू लिहितोस. तुझा संपला.

मी दादाला न्यायला आले होते. बॅग भरलेलीच आहे अजून, उघडली नाही. दादा येत नाही. का ते त्यानं सांगितलं नाही, शेजारच्या बाईनं सांगितलं, आणि बाकीचं मी डोळ्यांनी बघितलं.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळासाहेब आणि ती तीन घरं दादाच्या दारात आली. भांडायला नाही. हसतखेळत, चहा घ्या म्हटलं तर नको म्हणत. म्हणाले, "पोरगं वरसाचं धान्य घिऊन सहा म्हयन्यांत पळालं. ऱ्हायलेलं काम कोन करनार?" दादा म्हणाला, धान्य परत करतो. मंचरच्या बाजारातून पेन्शनच्या पैशानं सात पोती घेतली आणि टेम्पो करून त्यांच्या खळ्यावर उतरवली. त्यांनी पोतं उघडून मूठभर दाणे हातात घेतले आणि सांगितलं, हे आमचं दाणं नव्हंत, बाजारचं हाय. टेम्पो परत. मग दादानं पैसे पुढे केले. तर बाळासाहेबानं कान धरले. "पैशाचं नाव काढू नगा. तुमच्याच पोराचा नियम हाय, बिनपैशाचा. आमी तर शिकल्याल्या माणसाचं ऐकलं."

मी आल्या आल्या म्हटलं, चल मंचरला, पोलिसांत जाऊ. कायदा आहे. मी बोलते साहेबांशी, मला त्यांची भाषा येते. दादा म्हणाला, "काय लिवून देऊ? सक्ती कुनी केली? माज्या पोरानं जाऊन मागितलं, हासत घेतलं. गावानं तेचं फोनवर काडून ठिवलंय." तुझ्याकडे यावर उत्तर असेल तर कळव.

तुला ठाऊक नसेल, दादाकडे सुट्टे पैसे नसले की तो प्रवाशाच्या तिकिटामागे लिहून द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शोधून चार आणे परत करायचा. त्या माणसावर कुणाचं काही बाकी नाही. आता तुझ्या सात पोत्यांचं आहे. मी त्याच्यावर ओरडले, रडलेसुद्धा. म्हटलं, आपला बाप दोन वर्षं उपाशी राहिला पण झाडायला गेला नाही, आणि तू जातोस? तो म्हणाला, "बानं धान्य परत केलं व्हतं, रत्ना. मग न्हाई म्हनला. माजं कुनी परत घेत न्हाई."

म्हणून तो जातो. पहाटे लोक उठायच्या आत नाही, चांगलं उजाडल्यावर जातो, लपून जाणं त्याला जमत नाही. इस्त्रीचा शर्ट, पँटमध्ये खोचलेला, पायात बूट. वाकून देवळापुढचं पटांगण झाडतो. सत्त्याहत्तराव्या वर्षी त्याची कंबर पूर्ण सरळ होत नाही, मग थोडं झाडतो, थांबतो, पुन्हा झाडतो. हौशीरामचा बाक रंगवून परत बाहेर आलाय. लोक त्यावर बसून चहा पितात आणि बघतात. परवा एकानं म्हटलं, कोपरा ऱ्हायला, भागुजी. दादानं कोपरा झाडला.

त्याला उचलून नेणं मला जमलं नाही. एकट्याला झाडू देणंही जमलं नाही. कालपासून मी बादली घेऊन मागे जाते आणि तो झाडेल तिथे सडा टाकते. पन्नास नर्सांना ओरडून कामाला लावणारी बाई. काल बाळासाहेबाच्या घरातून मला हाक आली, मागच्या दारानं. चहा घ्यायला. मी गेले नाही. दादा म्हणाला, जायला नको, ते करारात नव्हतं.

अक्षय्यतृतीया तीस एप्रिलला आहे. तोवर मी इथे आहे. तू येऊ नकोस, तुझी रिलीज असेल. आणि दोघांना पुरेल एवढंच काम आहे.

रत्नाआत्या